काढण्याची तीन कारणं

तांबी बसवायला अकरा मिनिटं लागली होती. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि झोपल्या झोपल्या बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी मोजली. काढायला दहा महिने लागले. ते मी घड्याळात मोजले नाहीत, कपडे भिजवण्यात आणि चोळण्यात मोजले. हे वाचून कुणाला किळस आली तर येऊ दे. मला दहा महिने येत होती.

मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत मी इस्त्रीच्या यंत्रावर काम करते. यंत्र एका खोलीएवढं लांब आहे. अलीकडच्या टोकाला दोघींनी ओली चादर ताणून धरायची आणि तापलेल्या रुळांमध्ये सरकवायची. पलीकडे ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. आठ तास उभं राहायचं, मध्ये अर्धा तास सुट्टी. डोळ्यांसमोर दिवसभर पांढरंशुभ्र. असल्या ठिकाणी एखाद्या बाईच्या अंगावरून महिन्यातले वीस-वीस दिवस जात असेल तर तिची काय अवस्था होते, ते बायकांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही.

घरी नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याही मजल्यावर कोणीही अडकलं की याचा फोन वाजतो आणि हा हातातला घास टाकून पळतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर तुम्हीही करणार नाही.

मुलाच्या वेळचं बाळंतपण माझ्या जिवावर बेतलं होतं. त्यानंतर चार वर्षं घरात काढली आणि मग हे काम मिळालं. त्यामुळे तिसरं नको, हे माझं पक्कं होतं. नवऱ्याचंही पक्कं होतं, निदान तो तसं म्हणायचा. आमच्या वस्तीच्या टोकाला कुटुंब नियोजन केंद्र आहे, तिथे मी गेले ते तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनची चौकशी करायला. पण मी गेले तो नेमका त्यांचा कसलासा सप्ताह निघाला. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात येईल, म्हणाले, आज तांबी आहे. जणू भाजीवालीकडे आज दोडकी नाहीत, दुधी घ्या! मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते. तर टेबलामागच्या सिस्टर म्हणाल्या, "कशाला खेटे घालता? आल्या आहात तर मोकळ्या होऊन जा." आणि मी मूर्ख, खेटे वाचवायला गेले. नंतर किती खेटे पडले ते ऐका.

तपासणीच्या खोलीत पडदा होता, पण तो वरच्या दांडीपेक्षा हातभर आखूड होता. डावीकडे ओढला की उजवीकडून उघडं. मी उजवीकडून उघडी पडेन असं ठरलं, कारण तिकडे फक्त कपाट होतं. अकरा मिनिटांत काम झालं. रक्त जास्त जाईल, पोटात कळा येतील, असं झालं तर या, तसं झालं तर या, यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. हातात कार्ड दिलं आणि पुढचीला हाक मारली.

पहिले तीन-चार महिने मी स्वतःचीच समजूत घालत काढले. शरीराला वेळ लागतो, शेजारणीला पण लागला होता, वगैरे. चौथ्या महिन्यात यंत्रावर चादर धरलेली असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझी जोडीदारीण होती. तिला आम्ही ढांगुळी म्हणतो, कारण ती आहेच तशी उंच. तिने एका हाताने चादर ओढून काढली आणि दुसऱ्या हाताने मला धरलं, नाहीतर रुळात माझी बोटं गेली असती. मुकादमबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई गं, पुन्हा असं झालं तर तुला मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकावं लागेल." त्या खोलीत काय येतं आणि कशाने भरून येतं, ते नका विचारू. तिथे गेलेली बाई पुन्हा यंत्रावर येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी केंद्रावर गेले. म्हटलं, तांबी काढा.

"असं लगेच काढता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आधी तीन बैठका होतात."

"बसवताना कुठे झाल्या होत्या?"

"बसवायला बैठक लागत नाही."

तर अशी त्यांची पद्धत. काढायची म्हणणाऱ्या बाईला तीनदा, महिन्याच्या अंतराने, समोर बसवून समजावायचं. वहीत त्यांची नावंही होती: पहिली शंकानिरसनाची, दुसरी धीर देण्याची, तिसरी फेरविचाराची. मला शंका एकही नव्हती, तरी पहिल्या बैठकीत तिचं निरसन झालं. सिस्टरांनी प्लास्टिकचं गर्भाशय टेबलावर ठेवून त्यात तांबी कशी छान बसते ते दाखवलं. मी म्हटलं, प्लास्टिकला कुठून रक्त येणार? त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या महिन्यात मला धीर दिला. तिसऱ्या महिन्यात मी सुट्टी टाकून गेले तर टेबलामागे वेगळ्याच सिस्टर. आधीच्यांची बदली झाली होती.

या दुसऱ्या सिस्टर बारीक, चष्म्याच्या, आणि आवाज असा की नियम जन्मापासून पाठ असावेत. त्यांनी माझी फाइल उघडली, पान उलटलं, बंद केली.

"तुमची पहिली बैठक आज."

"अहो, दोन झाल्यात! तिसरी आहे माझी."

"त्या त्यांच्याकडे झाल्या. बैठका सिस्टरच्या नावावर लागतात. माझ्याकडे तुमची एकही नाही."

मी कपाळावर हात मारला. खरोखर मारला, शेजारी बसलेल्या बाईने वळून पाहिलं इतका आवाज झाला. मग काय, ये रे माझ्या मागल्या. पुन्हा शंकानिरसन, पुन्हा ते प्लास्टिक, पुन्हा धीर.

मधल्या काळात मी खाजगी डॉक्टरकडेही जाऊन आले. ते म्हणाले, "ज्यांनी बसवली त्यांच्याकडूनच काढून घ्या, उद्या काही झालं तर नस्ती भानगड आमच्या गळ्यात." म्हणजे ज्याने त्याने हात झटकले आणि माझं आपलं चालूच. मी कामावर दुहेरी घड्या घालून जायची, दर दोन तासांनी पळायची. माझ्या वाटची चादर ढांगुळी एकटीने ताणायची आणि मुकादमबाई आल्या की मोठ्याने खोकायची. तिचे उपकार मी कसे फेडणार आहे, मला माहीत नाही.

सहा महिन्यांत पाच बैठका झाल्या. शेवटी फेरविचारही उरकला. नवव्या महिन्यात दुसऱ्या सिस्टरांनी खणातून एक फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "काढण्याचं कारण. यातल्या एकावर खूण करा."

कारणं तीन होती. एक, मुदत संपली. दोन, पाळी कायमची गेली. तीन, मूल हवे.

मी फॉर्म उलटून पाहिला. मागे कोरं होतं.

"त्रास होतो, हे कुठे आहे?"

"त्रासाचं बैठकीत होतं."

"बैठकीत तुम्ही मला धीर दिलात!"

"हो, मग ते तिथे संपलं," सिस्टर म्हणाल्या. "फॉर्मवर ही तीनच आहेत. मी छापत नाही फॉर्म."

मी खाली चौथं कारण हाताने लिहू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या लिहिलंत तर फॉर्म परत येईल, आणि परत आला की पुन्हा पहिल्या बैठकीपासून. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं सांगितलं. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

मुलं झोपल्यावर नवऱ्यापुढे तो कागद ठेवला. त्याने दिव्याखाली धरून तिन्ही कारणं वाचली, मग हसला.

"अगं, मग कर ना तिसऱ्यावर खूण. कागदच तर आहे. कागदाला काय कळतंय?"

"खोटं लिहू?"

"तुला तांबी काढायची आहे की हरिश्चंद्र व्हायचंय?"

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि त्या वेळी मी भलतीच अडलेली होते. तिथल्या तिथे त्याचंच पेन घेऊन मी 'मूल हवे' यावर खूण केली. चांगली ठळक केली, कुणी परत पाठवू नये म्हणून. या अख्ख्या गोष्टीत चूक म्हणावी अशी माझी ही एकच, पण ती मी माझ्या हाताने केली आहे.

पुढच्या महिन्यात तांबी निघाली. चार मिनिटं. मी टेबलावरून उतरत असतानाच म्हटलं, "सिस्टर, आता ते तीन महिन्यांचं इंजेक्शन द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कसं देणार? फाइलवर मूल हवे आहे."

"अहो, ते... ते तुम्हाला माहीत आहे ना का लिहिलंय!"

"मला काय माहीत आहे ते फाइलवर नाही. मूल हवे असलेल्या बाईला सहा महिने काहीच देता येत नाही. इंजेक्शन नाही, गोळ्या नाहीत. बदल करायचा तर बदलाचा अर्ज, आणि त्याला पती-पत्नी दोघं हजर लागतात."

"खूण करताना दोघं लागलो नाही!"

"मूल हवे म्हणायला कोणी लागत नाही," सिस्टर म्हणाल्या.

औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या, तर दुकानदाराने माझ्या पांढऱ्याफटक तोंडाकडे बघून चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कोण देणार? केंद्र. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. त्या दिवसापासून आम्ही नवऱ्याच्या निरोधच्या पाकिटांवर आलो. ती त्याला आवडत नाहीत. दर वेळी चेहरा असा करतो की मी त्याला रेनकोट घालून आंघोळ करायला लावते आहे.

पण रक्त थांबलं. तीन आठवड्यांत मला पायऱ्या चढताना धाप लागेनाशी झाली. यंत्रावर मी पुन्हा दोन्ही हातांनी चादर ताणू लागले, ढांगुळीचा खोकला बंद झाला. म्हटलं, चला, निम्मं तरी सुटलं. उरलेलं निम्मं सोडवायला नवऱ्याला एक दिवस केंद्रावर न्यायचं, की झालं.

एका बुधवारी कामावरून घरी आले तर दारातच सासूबाई. गेली तीन वर्षं त्यांच्या गुडघ्यांनी जीव खाल्ला होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, नवरा हात जोडत होता, आणि त्यांचं एकच, आता किती दिवस राहिलेत माझे. खुर्चीतून उठायच्या त्याही कुरकुरत. त्या बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात गोळ्यांची भली मोठी पुडी.

"मला आधी सांगायचंस की गं! बाहेरच्या बाईकडून कळावं मला?"

झालं होतं असं, की 'मूल हवे' अशी खूण झाली की केंद्राच्या घरभेटीच्या ताई आपोआप घरी येतात. आल्या त्या मी कामावर असताना. त्यांनी सासूबाईंना सांगितलं की तुमची सून बाळाची तयारी करते आहे, तिला जपा, आणि या रक्तवाढीच्या गोळ्या रोज एक. शंभर गोळ्या होत्या. दहा महिने माझं रक्त बादलीतून वाहून गेलं तेव्हा एका गोळीने मला विचारलं नाही. आता न होणाऱ्या बाळासाठी शंभर!

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, सांगायलाच उघडलं होतं. पण सासूबाई पुढे म्हणाल्या, "मी ठरवलंय. गुडघे करून घेते. आत्ता केले तर बाळ रांगायला लागेपर्यंत मी त्याच्यामागे पळायला तयार." आणि त्यांनी माझा हात धरला. चौदा वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आमच्यात प्रेम आहे, पण ते भांड्यांच्या आवाजातून एकमेकींना कळवायचं असतं. मी मूग गिळून गप्प बसले.

रात्री नवऱ्याला म्हटलं, "आईंना तुम्ही सांगा. तुमची आई, तुमची आयडिया."

"सांगतो गं. पण आधी ऑपरेशन होऊ दे. तीन वर्षं मी पाया पडतोय, तुझ्या एका कागदाने ती तयार झाली. आता सांगितलं तर पुन्हा खुर्चीला चिकटेल."

हे मला पटलं. हीच तर पंचाईत आहे त्याची, तो नेहमी पटेल असंच बोलतो. ऑपरेशन झालं, छान झालं. मग म्हणाला, टाके निघू देत. टाके निघाले. मग म्हणाला, काठी सुटू दे. सासूबाई भिंतीला धरून सकाळ-संध्याकाळ चकरा मारायच्या, दातओठ खायच्या, आणि प्रत्येक चकरेला बाळाचं काहीतरी काढायच्या. शिवणाचं मशीन त्यांनी कोपऱ्यातून हलवायला लावलं. माझ्या मुलीने मला विचारलं, "आई, बाळ येणार आहे का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आजी म्हणते येणार आहे." मी म्हटलं, मग आजीला होणार असेल. त्यावर तिने इतका गंभीर विचार केला की मलाच शरम वाटली.

आणि दर महिन्याला, पाळी आली की सासूबाई माझ्या ताटात जरा जास्त वाढायच्या आणि म्हणायच्या, होईल हो, धीर धर. इथेही धीरच!

तीन महिने मी नवऱ्याच्या मागे लागले होते. कधी त्याची लिफ्ट अडकायची, कधी माझी सुट्टी. पाकिटंही आता तो विसरायला लागला होता. दोनदा मीच उशी उचलून बाहेर गेले. शेवटी एका गुरुवारी मी त्याच्या स्कूटरची किल्ली मुठीत धरून दारात उभी राहिले. म्हटलं, आज केंद्र, नाहीतर कुठेच नाही. निघाला.

केंद्रात त्या दिवशी गर्दी नव्हती. दुसऱ्या सिस्टरांनी बदलाचा अर्ज काढला, तारीख घातली, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "पतीचं मत. मूल हवं आहे की नको?"

मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. इतकी मी निश्चिंत होते. उत्तर आलं नाही म्हणून वर पाहिलं. तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होता.

"खरं सांगू का सिस्टर," तो म्हणाला, "आधी नकोच म्हणत होतो आम्ही. पण आता आई चालायला लागलीये. घरात सगळे... म्हणजे, झालं तर असू दे की. काय हरकत आहे?"

"अहो!" मी म्हटलं.

"बघ ना, सगळं जुळून आलंय. आई आहे सांभाळायला. तुझी तब्येतही सुधारली आता."

माझी तब्येत! जी त्या बाळासाठी नाही, माझ्यासाठी सुधारली होती, रक्ताच्या एकेका थेंबाने परत मिळवली होती, ती याने धरून ठेवली होती पुढच्या कामासाठी. मला वाटलं टेबलावरचं ते प्लास्टिकचं गर्भाशय उचलावं आणि त्याच्या डोक्यात घालावं. रागापेक्षा वाईट वाटत होतं ते हे, की तो वाईट हेतूने बोलत नव्हता. चहा अजून एक कप घेऊ या का, असं विचारावं तसा त्याचा चेहरा होता.

"मला नको आहे," मी सिस्टरांना म्हटलं. "माझं लिहा. मला नको आहे."

"पत्नीचं मत या अर्जावर नसतं," त्या म्हणाल्या. "ते आधीच्या फॉर्मवरून धरतात." आणि त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे धरली. माझी खूण. ठळक.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. कुठेतरी दोन म्हातारी माणसं चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. तो, एक मिनिट हं, म्हणून बाहेर पायऱ्यांवर गेला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. घाबरू नका, काका, मी आहे ना, असं तो फोनवर म्हणत होता. अनोळखी माणसाशी किती मायेने बोलतो हा.

सिस्टरांनीही त्या पाठीकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि फाइल मिटली. मला वाटलं, आटोपलं, आता पुढच्या बाईला हाक मारतील.

"पाळी कधी आली?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"या वेळची पाळी. कधी आली?"

"सोमवारी."

त्या उठल्या आणि कपाटाकडे गेल्या. "आत या. पडदा राहू दे, दंडावरच द्यायचंय."

मला कळेना. कळलं तेव्हा माझे पाय आधी गेले आणि डोकं मागून आलं. त्यांनी कापसाने दंड पुसला आणि खालच्या आवाजात, भरभर, पण एकही शब्द न गाळता सांगायला सुरुवात केली. पहिले काही महिने मध्येच डाग दिसतील. पाळी अनियमित होईल, पुढे बंदही होईल, त्याने काही बिघडत नाही. वजन थोडं वाढू शकतं. उद्या बंद केलंत तर शरीर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. खूप रक्त गेलं किंवा डोकं फार दुखायला लागलं तर थांबू नका, लगेच या, बैठक वगैरे काही नाही, सरळ माझ्याकडे या. एका वर्षात या इमारतीत मला कोणी इतकं सांगितलं नव्हतं. सुई गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सुईमुळे नव्हतं.

"मग आधीच का नाही दिलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच. "तीन महिन्यांपूर्वी मी मागितलं होतं. याच खोलीत!"

"तेव्हा मला वाटलं, नवरा येऊन नको म्हणेल आणि सगळं कागदावर सरळ होईल," त्या म्हणाल्या. "काहीजणींचे म्हणतात."

"फाइलमध्ये काय लिहिणार?"

"जे आहे तेच. मूल हवे."

"आणि याचं कार्ड?"

"कार्ड देत नाही मी. घरात सापडतं." सुई त्यांनी डब्यात टाकली. "तारीख पाठ करा. कुठे लिहूही नका. आणि दंड आज कुणाला दाबू देऊ नका."

इतक्या सहज म्हणाल्या! म्हणजे माझ्याआधी किती जणींची कार्डं सापडली असतील, आणि किती जणी तारखा पाठ करून भाजी चिरत असतील. मला त्यांचे आभार मानायचे होते आणि त्यांच्याशी भांडायचंही होतं. मी मुळात आले होते काय मागायला? उघडपणे, सरळ तोंडाने, मला हे नको आणि ते हवं, एवढंच. चौदा वर्षांत मी नवऱ्यापासून एक गोष्ट लपवली नव्हती. लपवण्यासारखं माझ्याकडे होतंच काय? आता होतं, आणि ते मला सोडवणाऱ्या बाईनेच हातात दिलं होतं.

मी बाही खाली केली आणि बाहेर आले. नवरा फोन खिशात ठेवत होता. माझं हेल्मेट त्याने पुसून ठेवलं होतं.

"रागावलीस?"

"नाही."

"मी आपलं मनातलं बोललो. तू पण विचार कर. काय म्हणाल्या सिस्टर?"

"काही नाही. अर्ज होत नाही म्हणाल्या."

त्याचा चेहरा उजळला. त्याने स्कूटर वळवून घेतली, पाय टेकवून माझ्यासाठी थांबला आणि मान मागे करून म्हणाला, "मग आईला काय सांगू?"

"सांगा, देवाच्या हातात आहे," मी म्हणाले, आणि त्याच्या खांद्याला न धरता मागे बसले.